रिगा: आई-बाबांसोबत चार रात्री, की तिन्ही बाल्टिक राजधान्यांची धावती फेरी?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन भावाकडे म्युनिकला जातेय. दोन आठवडे तिथेच मुक्काम. मधले पाच-सहा दिवस त्याला सुट्टी नाही, तेव्हा आम्ही तिघं कुठेतरी जाऊन येऊ असं ठरलंय. पॅरिस-रोम आई-बाबांचं आधी झालंय. बाबांनी कुठल्याशा दिवाळी अंकात लात्वियाच्या राजधानीबद्दल, रिगाबद्दल, वाचलं होतं, तेव्हापासून लात्वियाचं नाव घरात निघतंय.

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, जुन्या इमारती पाहायला कितीही चालतील. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, आणि गुडघ्यांमुळे जिने नकोत. मला स्वतःला बाजार आणि संगीत आवडतं.

नुसतं रिगाच करावं की विल्नियस (लिथुएनिया) आणि टालिन (एस्टोनिया) या शेजारच्या राजधान्याही जोडाव्यात? तिन्ही जवळजवळ आहेत असं नकाशावर दिसतं. आईच्या जेवणाचं काय? आणि व्हिसा जर्मनीचा काढायचा की लात्वियाचा? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

भटके_नाना

तिन्ही करा. एवढ्या लांब जाऊन एकच राजधानी पाहून परत यायचं हे मला पटत नाही. रिगा मधोमध आहे, उत्तरेला टालिन, दक्षिणेला विल्नियस, दोन्हीकडे साधारण तीनशे किलोमीटर. बस चांगल्या असतात, सव्वाचार-साडेचार तासांत पोचवतात, सीमेवर थांबावं लागत नाही. तिन्ही देश शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपीय देशांचा गट) आणि चलन एकच, युरो. विल्नियस दोन रात्री, रिगा दोन, टालिन एक, आणि तिथून म्युनिकचं विमान. आम्ही सौ.सह असंच केलं, मजा आली.

रेवती_गोडसे_नव्हे

वाचतेय. आम्हालाही पुढच्या वर्षी जायचंय.

दौगावाकाठ

मी रिगाला शिकायला आलो आणि इथेच नोकरीला लागलो. भारतीय विद्यार्थी इथे खूप आहेत, मेडिकलला तर विशेष, त्यामुळे ट्राममध्ये अधूनमधून मराठी कानावर पडतं.

नाना, तुमचा बेत तुमच्यासाठी छानच होता. पण मृण्मयीताईंच्या आईंच्या गुडघ्यांचा विचार करा. पाच रात्रींत तीन हॉटेलं, तीनदा सामान बांधणं, आणि टालिनच्या तूम्पेआ टेकडीचा चढ. रिगाचा जुना भाग जवळजवळ सपाट आहे. दगडी फरसबंदी खडबडीत आहे, बूट जाड तळाचेच हवेत, पण चढउतार नाहीत.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रिगा दोन दिवसांत पाहणारे लोक फक्त जुनं शहर पाहतात. ब्लॅकहेड्सचं घर (ब्लॅकहेड्स हा जुना व्यापारी संघ), 'तीन भाऊ' नावाची तीन जुनी घरं, मांजराचं घर, सेंट पीटरचा मनोरा, फोटो, झालं. आता ब्लॅकहेड्सचं घर सुंदर आहेच, पण आज उभं आहे ते १९९० च्या दशकात बांधलेलं. मूळ वास्तू १३३४ पासूनची, १९४१ च्या युद्धात जळाली आणि उरलेले अवशेष सोव्हिएत राजवटीने १९४८ मध्ये पाडून टाकले. स्वातंत्र्यानंतर लोकांनी ती जुन्या नकाशांवरून पुन्हा उभी केली, १९९९ मध्ये पूर्ण झाली. ही हकीकत कळल्याशिवाय तिच्यापुढे फोटो काढण्यात फारसा अर्थ नाही.

खरं रिगा जुन्या शहराच्या बाहेर, कालव्यापलीकडे सुरू होतं. बाबांना तिकडेच न्या. उद्या सविस्तर लिहितो.

मृण्मयी_कोथरूड

अगदी वाट पाहतेय! बाबा शेजारी बसून वाचताहेत.

पुष्कर_७१

व्हिसाचं सांगतो. शेंगेनचा नियम असा: ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. तुमचा मुख्य मुक्काम म्युनिकला, म्हणजे अर्ज जर्मनीकडे. त्याच व्हिसावर रिगाला जाता येतं, वेगळं काही लागत नाही. मात्र अर्जात रिगाचा बेत लपवू नका, हॉटेल आणि विमानाचं आरक्षण जोडा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर कोणी जाऊ नये, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणंच अवघड होतं. प्रौढांना शुल्क ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध असावा, आणि दहा वर्षांपेक्षा जुना नको.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायला सुरुवात झाली आहे. म्युनिकला उतरल्यावर रांगेत वेळ जाईल असं धरूनच चाला. म्युनिक-रिगा प्रवासात पासपोर्ट तपासणी नसते, तरी पासपोर्ट जवळ लागतोच.

भटके_नाना

दौगावाकाठ, मुद्दा मान्य. गुडघ्यांचं मी धरलं नव्हतं. पण टालिनची तटबंदी पाहिली की मध्ययुगात शिरल्यासारखं वाटतं, तसं रिगात वाटत नाही, एवढं तरी मानाल ना?

दौगावाकाठ

मानतो. तटबंदीसाठी टालिनच. रिगाची तटबंदी १८५७ पासून पाडायला घेतली आणि तिथूनच आजच्या शहराची गोष्ट सुरू होते. म्हणून आता बाबांसाठी लिहितो.

तट पाडल्यावर खंदकाचा कालवा झाला, त्याच्या दोन्ही काठांना बागा आल्या आणि त्यापलीकडे रुंद रस्ते आखले. रिगा तेव्हा रशियन साम्राज्यातलं मोठं बंदर होतं, कारखाने वाढत होते. १८९७ च्या शिरगणतीत वस्ती २ लाख ८२ हजार होती, १९१३ पर्यंत ती पाच लाखांच्या वर गेली. एवढ्या लोकांना घरं हवी होती, पैसा होता, आणि नेमक्या त्याच वर्षांत युरोपात आर्ट नूव्होची, म्हणजे वेलबुट्टी आणि चेहऱ्यांच्या नक्षीने घरं सजवणाऱ्या वास्तुशैलीची, लाट होती. त्यामुळे मध्यवर्ती रिगातल्या इमारतींपैकी साधारण एक तृतीयांश याच शैलीतल्या आहेत. १९९७ मध्ये युनेस्कोने रिगाला जागतिक वारसा यादीत घेतलं तेही जुन्या शहराइतकंच या इमारतींसाठी.

अल्बर्टा रस्ता जेमतेम अडीच-तीनशे मीटरांचा आहे. तिथली बरीच घरं मिखाईल आयझेनश्टाइन या माणसाची. हा पेशाने स्थापत्य अभियंता, सरकारी रस्ते खात्यातला अधिकारी. (बाबांना हे आवडेल.) चित्रपट दिग्दर्शक सर्गेई आयझेनश्टाइन त्याचा मुलगा, जन्म रिगाचाच, १८९८ चा. बापाच्या या नक्षीदार घरांचा मुलाला मनापासून तिटकारा होता.

अल्बर्टा रस्त्यावर २अ क्रमांकाच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहा आणि सगळ्यात वरच्या ओळीतल्या खिडक्या पाहा. त्या खिडक्यांतून आभाळ दिसतं. तिथे मजलाच नाही. शेजारच्या घरांच्या उंचीशी मेळ बसावा म्हणून दर्शनी भिंत छताच्याही वर तशीच चढवली आहे, खिडक्यांच्या चौकटींसकट. पाऊस थांबल्यावर ढग सरकत असतात तेव्हा ती रिकामी ओळ पाहत मी कितीदा उभा राहिलोय. खाली दाराशी दोन स्फिंक्स आहेत. तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन लहानपणी याच घरात राहायचे.

तिथून वळून एलिझाबेतेस रस्त्यावर १०ब. माथ्यावर दोन अजस्र चेहरे, निळ्या फरशा आणि मोर. आणि अल्बर्टा रस्त्याच्या १२ क्रमांकात आर्ट नूव्होचं संग्रहालय आहे, वास्तुविशारद कोन्स्तान्तिन्स पेक्शेन्स यांच्या राहत्या घरात. स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत सगळं १९०३ च्या सुमाराचं मांडून ठेवलंय. तिथला गोल जिना खालून वर पाहिला की छतापर्यंत रंगवलेली वेलबुट्टी दिसते. आईंना चढायची गरज नाही, तो खालूनच पाहायचा.

एक विनंती. या भागासाठी सबंध सकाळ ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. मान वर करून हळूहळू चालायचं.

मृण्मयी_कोथरूड

बाबा म्हणतात, रस्ते खात्यातल्या माणसाने एवढी घरं बांधली हे त्यांना आपल्या खात्याबद्दल अभिमान वाटायला पुरेसं आहे. रिगा नक्की झालं! चार रात्री फक्त तिथेच.

अनघा_सोवनी_पान

चार रात्री आहेत तर एक अर्धा दिवस विसाव्या शतकासाठी जरूर ठेवा. हे मी आग्रहाने लिहितेय. सुंदर घरांच्या त्याच रस्त्यांवर काय काय घडलं ते कळल्याशिवाय हे शहर कळत नाही.

लात्विया १८ नोव्हेंबर १९१८ ला स्वतंत्र झाला. १९४० मध्ये सोव्हिएत आले, १९४१ मध्ये नाझी, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत, ते थेट १९९१ पर्यंत. ब्रिवीबास रस्त्याच्या कोपऱ्यावर एक देखणी इमारत आहे, तिला नुसतं 'कोपऱ्यावरचं घर' म्हणतात. तिथे सोव्हिएत गुप्त पोलिसांचं मुख्यालय होतं. तळघरातल्या कोठड्या मार्गदर्शकासोबत पाहता येतात. आईंना झेपेल का ते आधी ठरवा, जिने आहेत आणि विषय जड आहे.

ज्यूंचं तर विचारूच नका. ४ जुलै १९४१ ला रिगाचं मोठं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) जाळलं, त्याचे अवशेष स्मारक म्हणून जपलेत. ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१ या दोन दिवसांत शहराबाहेर रुंबुलाच्या जंगलात सुमारे २५,००० माणसं गोळ्या घालून मारली. जुन्या शहरातलं पेइतावचं सिनेगॉग वाचलं, कारण ते जाळलं असतं तर लगतची घरंही पेटली असती.

दौगावा नदीपलीकडे किप्साला बेटावर झानिस लिप्के या गोदी कामगाराचं स्मारक-संग्रहालय आहे. त्याने घरामागच्या लाकडाच्या खोपटाखाली खड्डा खणून लोकांना लपवलं. त्याने आणि त्याच्या बायकोने मिळून चाळीसहून अधिक जीव वाचवले. लहानशी जागा आहे, काळ्या लाकडाची, आत प्रकाश कमी. मला रिगात सर्वांत जास्त काय आठवतं विचाराल तर ही जागा.

आणि स्वातंत्र्य स्मारक. ४२ मीटर उंच, १९३५ चं, लोकवर्गणीतून उभं राहिलेलं. सोव्हिएत काळात ते पाडलं गेलं नाही, पण तिथे फुलं वाहणं हा गुन्हाच होता. १४ जून १९८७ ला, १९४१ मध्ये सोव्हिएतांनी हजारो लोकांना सायबेरियात हद्दपार केलं त्याच्या स्मृतिदिनी, लोकांनी तिथे उघडपणे फुलं वाहिली. दोनच वर्षांनी, २३ ऑगस्ट १९८९ ला, टालिन ते विल्नियस सुमारे वीस लाख माणसांनी हातात हात धरून साखळी केली, ती याच स्मारकाजवळून गेली. आजही पायथ्याशी ताजी फुलं असतात.

रेवती_गोडसे_नव्हे

अनघाताई, अंगावर काटा आला. आणखी लिहा कधीतरी.

सई_डोंबिवली

जेवणावर मी लिहिते, मीही शाकाहारी आणि आम्ही दोनदा गेलोय.

घाबरू नका, पण विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नका. तिथला राष्ट्रीय पदार्थ म्हणजे करडे वाटाणे, दिसायला आपल्या हिरव्या वाटाण्यापेक्षा मोठे आणि तपकिरी, चवीला हरभऱ्याच्या जवळचे. पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे टाकतातच. बटाट्याच्या थालीपिठासारखे पॅनकेक सगळीकडे मिळतात, सोबत आंबट साय. त्यात बहुतेक ठिकाणी अंडं असतं, आईंना चालणार नाही. बीटचं गार गुलाबी सूप उन्हाळ्यात असतं, त्यावर अंडं घालतात, ते नको म्हणून सांगता येतं. सूपमधला मांसाचा रस्सा हीच मुख्य अडचण.

आईंसाठी हुकमी म्हणजे काळा राईचा पाव (राई म्हणजे मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य). जड, आंबूस, दाण्यांचा वास येणारा. त्यावर भांगेच्या बियांचं लोणी लावतात, करडं-हिरवं, खमंग. (नाव ऐकून दचकू नका, नशा वगैरे काही नाही.) पनीरसारखं ताजं चीज, लोणच्याच्या काकड्या, आंबवलेला कोबी, जंगली मशरूम, बेरीज. राईच्या पावाचा चुरा, साय आणि मुरंबा यांचे थर लावून गोड करतात, तेही छान, जिलेटिन आहे का एवढं विचारा.

लिडो नावाची उपाहारगृहांची साखळी आहे, ताट घेऊन आपल्या हाताने वाढून घ्यायचं. डोळ्यांसमोर दिसतं म्हणून सोपं पडतं. एका कागदावर 'बेज गाल्यास' म्हणजे मांसाशिवाय, हे लात्वियन भाषेत लिहून घ्या, मासे आणि अंडी वेगळी लिहा. मासे त्यांच्या लेखी मांसात मोडत नाहीत. आणि खोली स्वयंपाकघर असलेली घ्या. मुगाची डाळ-तांदूळ सोबत न्या, संध्याकाळी गरम खिचडी मिळाली की आईंचा दुसरा दिवस चांगला जातो.

दौगावाकाठ

सईताईंना पूर्ण अनुमोदन. भारतीय उपाहारगृहंही आहेत मध्यवर्ती भागात, अगदीच कंटाळा आला तर.

बाजाराबद्दल. रिगाचा मध्यवर्ती बाजार रेल्वे स्टेशनच्या मागेच आहे. १९३० मध्ये उघडला. पाच प्रचंड मंडप, आणि त्यांचे वरचे लोखंडी सांगाडे पहिल्या महायुद्धातल्या जर्मन झेपेलिन हवाई जहाजांच्या हँगरचे आहेत, पश्चिमेकडच्या कुर्झेमे प्रांतातल्या वाइन्योदेहून आणलेले. बाबांना वर बघायला लावा. मांस, मासे, दूधदुभतं, भाजीपाला असे मंडप वेगवेगळे, त्यामुळे आईंना मांसाचा मंडप टाळता येतो. भाजीच्या मंडपात आंबवलेल्या कोबीच्या बादल्या, गाजर घातलेला, बीट घातलेला, क्रॅनबेरी घातलेला. मागितलं की आजी लगेच चिमूटभर चाखायला देतात. सप्टेंबर म्हणजे मशरूमचा मोसम, बाहेरच्या टपऱ्यांवर पिवळ्या शान्तरेल मशरूमचे ढीग असतात. सकाळी नऊच्या आत जा.

अनघा_सोवनी_पान

मृण्मयी, तू संगीताचं विचारलं होतंस ते राहिलंच. डोम कॅथिड्रलचा पाया १२११ चा, पण आतला ऑर्गन १८८४ चा. ६,७१८ नळ्या, बांधला तेव्हा जगातला सर्वांत मोठा होता. छोट्या मैफली असतात, तिकीट आधी काढ.

आणि राष्ट्रीय ग्रंथालयात जा, नदीपलीकडे काचेचा डोंगर दिसतो तेच. तिथे दाइनांचं कपाट आहे. दाइना म्हणजे लात्वियन लोकगीतं, बहुतेक चार ओळींची, बायकांनी जपलेली. क्रिश्यानिस बारोन्स यांनी आयुष्य घालवून ती चिठ्ठ्यांवर उतरवून लावली. १८९४ ते १९१५ दरम्यान छापली तेव्हा भरली २,१७,९९६. चिठ्ठ्या ठेवायला १८८० मध्ये त्यांनी मुद्दाम छोट्या खणांचं कपाट करवून घेतलं. त्यांत लग्नाची, पेरणीची गाणी आहेत तशी दळणाचीही, आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखी. आईंना हे नक्की दाखव.

गाण्यांचं हे वेड इतकं की १८७३ मध्ये गीतमहोत्सवही सुरू झाला, हजारो लोक एकत्र गातात. आता दर पाच वर्षांनी असतो, मागचा २०२३ ला झाला.

मृण्मयी_कोथरूड

आईच्या आईला शेकडो ओव्या पाठ होत्या. आई म्हणाली, घरं नंतर, आधी ते कपाट.

आता बेत असा: पहिला दिवस पोचून विश्रांती आणि कालव्याकाठी फेरी. दुसरा दिवस अल्बर्टा रस्ता. तिसरा सकाळी बाजार, मग ग्रंथालय, संध्याकाळी ऑर्गन. चौथा मोकळा. चौथ्या दिवशी लिप्के संग्रहालय की रिगाबाहेरचं सिगुल्दा गाव? आणि पाऊस, थंडी?

भटके_नाना

सिगुल्दा! सप्टेंबरअखेर गाउया नदीच्या खोऱ्यात पानं पिवळी-लाल होतात, लोक त्यासाठीच येतात. रिगाहून रेल्वेने तास-सव्वा तास. पलीकडे तुराइदाचा लाल विटांचा किल्ला.

दौगावाकाठ

या वेळी नानांच्या बाजूने. पण तुराइदाच्या मनोऱ्यात जिने आहेत, आईंनी खाली बागेत थांबावं. नदीवरून केबल कार जाते ती आईंसाठी उत्तम, वारा जोरात असेल तर बंद असते. लिप्के संग्रहालय छोटं आहे, तिसऱ्या दिवशी ग्रंथालयानंतर जमेल, दोन्ही नदीच्या त्याच काठाला.

हवा त्या दिवसांत आठ ते पंधरा अंश धरा. पाऊस येतो-जातो, छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं, नदीवर वारा छत्री उलटी करतो. विमानतळावरून २२ क्रमांकाची बस शहरात येते, अर्धा तास. उंचावरून शहर पाहायचं असेल तर सेंट पीटरच्या मनोऱ्यात ७२ मीटरपर्यंत लिफ्ट आहे.

मुक्काम जुन्या शहरात घेऊ नका, रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो. एलिझाबेतेस रस्त्याच्या आसपास घ्या. तिथली घरं शंभर वर्षांपूर्वीची, मजले उंच, आणि पुष्कळ इमारतींत लिफ्ट नाही. जाहिरातीत 'तिसरा मजला' असेल तर आपल्या हिशेबाने तो दुसरा असतो, तरी जिने बरेच होतात. आरक्षणाआधी लिफ्टचं लेखी विचारून घ्या.

मृण्मयी_कोथरूड

आत्ताच दोन ठिकाणी विचारलं. एकाने लिफ्टचा फोटो पाठवलाय, जुनी जाळीच्या दाराची आहे, दोनच माणसं मावतात. बाबांना ती फारच आवडली, तीच खोली घेतेय.